विमान किती तासांचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दोन-तीन वर्षांमागच्या वैशाखातली गोष्ट. सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास आमच्या शेजारचे आबा गेले. एकुलता एक मुलगा अमेरिकेत, न्यू जर्सीत. त्याला फोन गेला. आत बायकांची रडारड चाललेली, बाहेर ओट्यावर भावकी जमलेली आणि सगळ्यांपुढं प्रश्न एकच. एका म्हाताऱ्यानं तो मलाच विचारला, "शायर, तुमी शिकल्यालं हाय. पोरगं कवा पोचंल?"

मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. पण सांगोल्यासारख्या गावात शिकलेला म्हणून एकदा नाव झालं, की अर्ज लिहिण्यापासून तिकीट वाचण्यापर्यंत सगळी कामं आपल्याकडं येतात. मुंबई ते न्यूयॉर्क विमान सोळा तासांचं, एवढं मी कुठंतरी वाचलेलं होतं. मनातल्या मनात बेरीज केली. साडेपाचला फोन झाला. सोळा तास धरले तर रात्री साडेनऊला मुंबई. तिथून गाडीनं आठ तास. मी सांगून टाकलं, "मंगळवारी पहाटे दारात असेल."

आमच्यात दफनाला उशीर करत नाहीत. त्यांच्यात मुलाची वाट पाहतात. माझ्या शब्दावर बर्फाची पेटी आणली गेली. मंगळवारची पहाट झाली, सहा वाजले, सात वाजले. मुलाचा फोन लागेना. ऊन चढायला लागलं तशी वडीलधाऱ्यांनी आपसात कुजबुज केली आणि नऊच्या सुमारास पुतण्यानं अग्नी दिला. मुलगा पोचला त्याच रात्री साडेनऊला. बुधवारी राख सावडायला तो होता.

मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. पण मी सांगितलेली वेळ तब्बल सोळा तासांनी चुकली होती, आणि ती का चुकली याचा शोध घेतल्याशिवाय मला चैन पडेना. त्या शोधात जे हाती लागलं ते सांगतो. आज आपल्याकडं गल्लीगल्लीतलं कुणी ना कुणी दुबईत, लंडनला, अमेरिकेत आहे. हा प्रश्न कुणाच्याही ओट्यावर येऊ शकतो.

खरं तर विमानाच्या हिशेबात मी चुकलो ते पहिल्यांदाच नव्हे. २००७ साली आमची अम्मा हजला गेली. त्या वर्षी हज डिसेंबरात आला होता. तिकीट घरात आल्यावर आम्ही भाऊ ते घेऊन बसलो. मुंबईहून सुटणार संध्याकाळी ६ ला आणि जेद्दाला पोचणार रात्री ९ वाजून १० मिनिटांनी. म्हणजे तीन तास दहा मिनिटं. परतीचं विमान जेद्दाहून रात्री साडेदहाला आणि मुंबईत पहाटे ५ वाजून ५० मिनिटांनी. म्हणजे सात तास वीस मिनिटं. जाताना तीन आणि येताना सात! धाकटा म्हणाला, "येताना जमजमच्या पाण्याचं वजन वाढतं, म्हणून असेल." आम्ही हसलो, पण उत्तर कुणाकडंच नव्हतं.

उत्तर सोपं आहे. तिकिटावर दोन वेगवेगळी घड्याळं असतात. सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची, पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. सौदी अरबस्तानचं घड्याळ आपल्या मागं अडीच तास चालतं. मुंबईहून निघालेलं विमान खरं तर पाच तास चाळीस मिनिटं उडालं. पण उतरल्यावर अम्मानं पाहिलेलं घड्याळ अडीच तास मागं होतं, म्हणून कागदावर तीन तास दहा मिनिटंच दिसली. येताना उलटं. विमान चाललं चार तास पन्नास मिनिटं, त्यात अडीच तास वाढले आणि कागदावर सात तास वीस मिनिटं झाली.

याची एक युक्ती मला नंतर सापडली. जाण्याचा आणि येण्याचा कागदावरचा वेळ एकत्र करा आणि निम्मा करा. तीन-दहा आणि सात-वीस मिळून साडेदहा तास, त्याचे निम्मे सव्वापाच. घड्याळांतला फरक एकदा वजा आणि एकदा अधिक होतो, त्यामुळं बेरजेत तो उडून जातो. थेट विमानाचा सरासरी वेळ आपल्या हाती येतो.

पण तेव्हा हे कळलं नव्हतं. परतीची ५.५० ही वेळ तिकडची असणार असं ठरवून आम्ही तिच्यात अडीच तास मिळवले आणि आठला विमानतळावर गेलो. अम्मा बाहेर कठड्याला टेकून, पाण्याचा कॅन पायाशी घेऊन दीड तास बसलेली. साखरेच्या गोळ्या सामानात, सामान दोरीनं बांधलेलं. शेजारच्या एका बाईनं तिला बिस्किटं दिली होती. तिकिटावर पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावचीच असते, तिच्यात काही मिळवायचं नाही आणि काही वजा करायचं नाही, हे त्या दिवशी मी शिकलो ते कायमचं.

घड्याळांच्या या गोंधळाला आपण हसतो, पण एकट्या मुंबईत दोन घड्याळं होती तो काळ फार जुना नाही. १ जानेवारी १९०६ पासून देशाला एक प्रमाणवेळ मिळाली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढं. मुंबईनं मात्र आपली वेगळी 'मुंबई वेळ' सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागं होती आणि १९५५ पर्यंत वापरात राहिली. गाडीची वेळ एक आणि गावाची वेळ दुसरी, असा हिशेब आपल्या आजोबांनी रोज केलेला आहे.

आता अंतराकडं येऊ. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. हाच आकडा कुणी ७,८०० म्हणून सांगेल, कुणी ६,८०० च्या जवळचा सांगेल. घाबरू नये. पहिले मैल आहेत आणि दुसरे दर्यावर्दी मैल. वैमानिक आजही खलाशांचाच मैल वापरतात. तो १.८५२ किलोमीटरचा असतो.

पण सरळ म्हणजे कसं सरळ? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान आणि भूमध्य समुद्राच्या बाजूनं, अटलांटिक ओलांडून पश्चिमेला जाते. विमान तसं जात नाही. आमच्या सांगोला तालुक्यात डाळिंबाला तोटा नाही, तेव्हा एक गोल डाळिंब घ्या. त्याचा तुरा म्हणजे उत्तर ध्रुव समजा. डाळिंबाच्या मधल्या घेराच्या थोडं वर एक टिकली लावा, ती मुंबई. फळ जवळजवळ पाठमोरं फिरवून, मघापेक्षा जरा वर दुसरी टिकली लावा, ते न्यूयॉर्क. आता दोन्ही टिकल्यांमधून दोरा ताणून धरा. दोरा बाजूनं जायला तयार होत नाही, तो तुऱ्याकडं सरकतो. गोलावरचा जवळचा रस्ता तोच.

हा दोरा पृथ्वीवर ताणला तर मुंबईहून उत्तर-वायव्येला निघतो. सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानची पश्चिम बाजू, मग थेट मॉस्कोजवळून आणि हेलसिंकीवरून, आइसलंडच्या आसपास, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासून कॅनडात उतरतो आणि तिथून न्यूयॉर्कला. मर्केटर पद्धतीच्या नकाशावर पट्टीनं आखलेल्या रेघेनं गेलं तर तेच अंतर सुमारे १४,२०० किलोमीटर भरतं. सतराशे किलोमीटर जास्त, म्हणजे विमानाचे जवळजवळ दोन तास. शाळेत भूगोलाच्या तासाला कुणी डाळिंब आणून हे दाखवलं असतं तर मी मराठी घेतलं असतं की नाही कुणास ठाऊक.

विमानाचा वेग साधारण ताशी ९०० किलोमीटर. १२,५०० भागिले ९००, म्हणजे चौदा तासांच्या आत काम व्हायला हवं. प्रत्यक्षात मुंबईहून जाताना सुमारे सोळा तास लागतात आणि येताना साडेचौदाच्या आसपास. जादा वेळ जातो कुठं? थोडा जमिनीवर जातो. कागदावरचा वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि दुसरीकडं जागेवर उभं राहिलं की संपतो. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर परत रांगेत लागणं, सगळं त्यात आलं. पण जाण्यायेण्यातला फरक त्यानं होत नाही. तो करतो वारा.

इथं एक गैरसमज नेहमी ऐकू येतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडं फिरते, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली ती सरकते, असं चांगले शिकलेले लोक सांगतात. तसं असतं तर पश्चिमेला जाताना कमी वेळ लागला असता, आणि इथं तर उलटं आहे. शिवाय सांगोल्याची जमीन पृथ्वीबरोबर ताशी सुमारे सोळाशे किलोमीटर वेगानं पूर्वेला जाते. हेलिकॉप्टर सांगोल्यावर तासभर अधांतरी थांबलं तर खाली अरबी समुद्र यायला हवा. येत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबर फिरते आणि हेलिकॉप्टर त्या हवेत आहे. पंढरपूरला निघालेल्या एसटीत बसून नाणं वर उडवा, ते मागच्या सीटवर जात नाही, आपल्याच हातात पडतं. तसंच हे.

मग वारा. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकी विमानं जिथून जातात तिथं, पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहणाऱ्या जोरदार वाऱ्याचे पट्टे असतात. त्यांना जेट वारे म्हणतात. ताशी शंभर-दोनशे किलोमीटर ही त्यांची रोजची चाल, हिवाळ्यात त्याहून जास्त. मागून मिळाले तर ढकलतात, समोरून आले तर अडवतात. ८ फेब्रुवारी २०२० च्या रात्री न्यूयॉर्कहून निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं एक विमान वादळी वाऱ्यावर स्वार होऊन ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं. जमिनीच्या हिशेबानं त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. अम्माच्या तिकिटातला पन्नास मिनिटांचा फरकही याच वाऱ्याचा. हिवाळा होता, त्यामुळं तो जोरातच असणार.

या वाऱ्याच्या शोधाची कथा माझ्यासारख्या लिहिणाऱ्या माणसाला चटका लावून जाते. जपानमधले वासाबुरो ओइशी हे हवामानशास्त्रज्ञ १९२० च्या दशकात फुगे सोडून उंचावरचा वारा मोजत होते. त्यांच्या हे लक्षात आलं आणि साऱ्या जगाला कळावं म्हणून त्यांनी आपले अहवाल एस्पेरांतो या जगासाठी मुद्दाम घडवलेल्या भाषेत छापले. ती भाषा वाचणारेच थोडे, म्हणून जगाला ते कळलंच नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं जपानवर याच वाऱ्यात सापडून गोंधळली, तेव्हा कुठं त्याची चर्चा झाली.

पश्चिमेला जाताना नेहमीच उशीर, असा नियम मात्र करू नये. पावसाळ्यात दक्षिण भारताच्या डोक्यावर खूप उंचावरचा वारा उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडं वाहतो. तो जगापुढं मांडला आपल्याच पी. कोटेश्वरम यांनी, १९५८ साली.

दोरा ताणला तरी त्या वाटेनं जाता येईलच असंही नाही. आकाशालाही सातबारा आहे. बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानचं आकाश बंद झालं ते जुलैच्या मध्यावर उघडलं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपी विमानांना बंद झालं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्ताननं भारतीय विमानांना पुन्हा मज्जाव केला. मघाचा दोरा सिंधवरून आणि मॉस्कोजवळून जात होता, हे आठवा. वळसा पडला की तास वाढतात, इंधन वाढतं, कधीकधी मध्ये उतरावं लागतं.

एवढं असूनही जुन्या लोकांच्या मानानं आपण सुखी आहोत. एअर इंडियाचं पहिलं परदेशी विमान 'मलबार प्रिन्सेस' ८ जून १९४८ ला मुंबईहून लंडनला निघालं ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत. १४ मे १९६० ला बोइंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागलं. एअर इंडियाला न थांबता मुंबई-न्यूयॉर्क करायला १ ऑगस्ट २००७ उजाडावा लागला. गंमत अशी की १९६० च्या त्या जेट विमानाचा वेग आणि आजच्या विमानाचा वेग यांत फारसा फरक नाही. विमानं जोरात धावायला लागली नाहीत, एका दमात लांब जायला लागली. हजचं तर काय सांगावं. मुंबई-जेद्दा सरळ अंतर साडेतीन हजार किलोमीटर. मुघल लाइनची जहाजं एडनवरून, अरबस्तानाला वळसा घालून दिवसच्या दिवस घेत. १९९५ साली हजची जहाजं बंद झाली. माझ्या आजोबांच्या पिढीत हजला निघणारा माणूस सगळ्यांचे हिशेब चुकते करून, माफी मागूनच निघायचा. परतीची तारीख कुणी विचारत नसे.

आता माझा सोमवारचा हिशेब. आबा गेले तेव्हा आपल्याकडं सोमवारची पहाट होती आणि न्यू जर्सीत रविवारची संध्याकाळ, साडेसात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या मागं साडेनऊ तास असतं, हिवाळ्यात साडेदहा, कारण तिकडं मार्चमध्ये घड्याळं तासभर पुढं करतात आणि नोव्हेंबरमध्ये मागं घेतात. त्या रात्रीच्या विमानात जागा नव्हती. त्याला मिळालं ते तिथल्या सोमवारी दुपारी बाराचं, म्हणजे आपल्याकडं रात्री साडेनऊचं. मी ज्या वेळी त्याला मुंबईत उतरवत होतो, त्या वेळी तो तिकडं जागेवर बसत होता. मंगळवारी दुपारी बाराला मुंबई. शिक्के, बॅग, बाहेर पडायला सव्वा वाजला. पुढं मुंबई ते सांगोला, जवळपास चारशे किलोमीटर.

पहाटे पाचपासून मंगळवारच्या रात्री साडेनऊपर्यंत साडेचाळीस तास होतात. त्यांतले विमानाचे साडेचौदा. उरलेले सव्वीस तास तिकीट मिळवण्यात, विमानतळावर आणि रस्त्यावर गेले. मी मोजला होता तो फक्त विमानाचा आणि गाडीचा वेळ. विमान माणसाला निरोप मिळताक्षणी दारात उभं असतं, असं मी धरून चाललो होतो.

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळाचं उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ ला झालं. त्याआधी जून २०२३ मध्ये विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडावी लागली, त्यावरून जिल्ह्यात किती रण माजलं ते आपण जाणताच. २०२५ मध्ये तिथून गोव्याला आणि मुंबईला विमानं सुरू झाली. पण परदेशाहून येणाऱ्याला मुंबईत दुसरं विमान धरायचं, तर दोन्हींच्या वेळा जुळायला हव्यात. नाहीतर गाडीच आधी पोचते.

दहाव्यानंतर मुलगा आमच्याकडं येऊन बसला. सीटसमोरच्या पडद्यावर विमानाचा नकाशा दिसतो, त्याच्याविषयी सांगत होता. नऊ वाजता आपण कुठं होतो ते त्यानं मागाहून हिशेब करून काढलं होतं. "कॅस्पियन समुद्राजवळ होतो, चाचा. पडद्यावर लिहिलं होतं, अजून तीन तास. मी चहा घेत होतो." मी त्याला माझा हिशेब सांगितला आणि तो कसा चुकला तेही सांगितलं. तो म्हणाला, "मीही घाईत फोनवर उद्या पोचतो एवढंच बोललो. कुणाचा उद्या, ते सांगितलंच नाही."

परवा महूदकडच्या एका बागाईतदाराची म्हातारी दवाखान्यात होती. नात लंडनला. तो वही घेऊन आला, "कवा पोचंल, सांगा." मी म्हटलं, "आधी पोरीला फोन लाव. तिकीट हातात आलंय का विचार, आणि तिच्याकडं आत्ता किती वाजले ते विचार." मग वहीच्या पानावर दोन घड्याळं काढली.